माशीमार ओळखायचे कसे? सोलापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला की आमच्याकडे फोटो यायला लागतात. कढीपत्त्यावर बसलेला, गच्चीच्या तारेवरचा, विजापूर रस्त्याच्या झाडीतला, आणि सोबत एकच ओळ: "सर, हा कोणता?" संक्रांतीपर्यंत हा ओघ चालतो. त्यातले निम्मे पक्षी माशीमार निघतात आणि प्रश्नही तेच ते असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. कुणी माशीपकड्या म्हणतं, कुणी लिटकुरी. नावांचा घोळ नको म्हणून इथे प्रजातींची नावं निरीक्षकांच्या तोंडी असतात तशीच, म्हणजे टिकेल्स, वर्डिटर, टायगा अशी ठेवली आहेत.

१. माशीमार म्हणजे नेमका कोणता पक्षी? माशा तर कोतवाल आणि वेडा राघूही पकडतात.

पकडतात, आणि चांगल्या पकडतात. पण कोतवाल अंगाने बराच मोठा आणि त्याची शेपूट टोकाशी दुभंगलेली. वेड्या राघूची चोच लांब आणि बाकदार. माशीमार बहुतेक चिमणीएवढे किंवा तिच्याहून लहान, डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे, चोच बुडाशी रुंद आणि चपटी, चोचीच्या मुळाशी राठ केस. फांदीवर ताठ बसायचं, झेप घेऊन किडा टिपायचा, पुन्हा बसायचं हा त्यांचा धंदा.

वर्गीकरणाचं मात्र वेगळंच. आजच्या यादीत दयाळ, चिरक, गप्पीदास आणि थरथऱ्या हे खऱ्या माशीमारांच्याच कुळात आहेत. उलट नावात 'फ्लायकॅचर' मिरवणारा स्वर्गीय नर्तक मोनार्क पक्ष्यांच्या कुळात गेला. झाडाखाली उभं राहून याचा काही उपयोग नाही, पण जुनं पुस्तक आणि नवी यादी जुळेना झाली की हे आठवावं.

२. सोलापुरात कोणते माशीमार दिसतात आणि कधी?

बारा महिने भेटणारा एकच, टिकेल्स ब्लू. त्याच्या जोडीला नाचण, पण तो माशीमार नव्हे (प्रश्न १४).

हिवाळ्याचे पाहुणे म्हणजे रेड-ब्रेस्टेड, एशियन ब्राऊन, वर्डिटर आणि कधीमधी अल्ट्रामरीन. ऑक्टोबरात येतात, मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातात. यात रेड-ब्रेस्टेड इतका नेमाने भेटतो की हिवाळ्यात झाडीतून अनोळखी किरकिर आली तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

तिसरा गट वाटसरूंचा. आफ्रिकेकडे निघालेला स्पॉटेड फ्लायकॅचर सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतातून जातो. ब्लू-थ्रोटेड, रस्टी-टेल्ड आणि ब्राऊन-ब्रेस्टेड हे सह्याद्रीच्या दक्षिण भागाकडे जाता-येता वाटेत उतरू शकतात. हे चौघे एखाद-दोन दिवस थांबतात आणि पुढे जातात. म्हणून जानेवारीत "स्पॉटेड दिसला" असं कुणी सांगितलं की आम्ही आधी फोटो मागतो.

३. नान्नजला गेलो होतो, एकही माशीमार दिसला नाही. चुकलं कुठे?

जागेची निवड. नान्नजचा माळ माळढोकासाठी राखलेला. तिथे चंडोल बघा, धाविक बघा, हिवाळ्यात भोवत्या ससाणे बघा. माशीमाराला सावली लागते. नान्नज परिसरात वनखात्याने लावलेल्या झाडीच्या कडेने फिरलात तर एखादा भेटेल, उघड्या माळावर नाही.

शहरात सिद्धेश्वर वनविहार, कंबर तलावाकाठची झाडी, भुईकोट किल्ल्याची बाग आणि केगावचा विद्यापीठ परिसर ही आधी बघायची ठिकाणं. तलावाचं पाणी सगळे बघतात. तुम्ही पाण्याकडे पाठ करून करंज आणि चिंचेच्या खालच्या फांद्या बघा. एक दिवस मोकळा असेल तर येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य गाठा. सोलापूरच्या कोरड्या मुलखातून निघून तिथल्या पानगळीच्या जंगलात शिरलं की यादी एकदम बदलते.

थंडीत तांबडं फुटायच्या आत पोचायची घाई करू नका. किडे गारठलेले असतात, त्यामुळे माशीमारही सुस्त. ऊन झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला लागलं की, साधारण आठच्या सुमारास, त्याच बाजूला उभं राहा.

४. पक्षी दोन सेकंद दिसतो. त्यात बघायचं काय?

रंग सोडून बाकी सगळं. हे ऐकून लोक हसतात, कारण पुस्तकातली चित्रं रंगाचीच असतात. पण सावलीत निळा काळा दिसतो, कोवळ्या उन्हात राखाडी पोट नारिंगी दिसतं, आणि माद्या व पहिल्या वर्षाची पिल्लं निम्म्या वेळा साध्या तपकिरीच असतात.

आधी शेपूट. ती उचलतो का, झटकतो का, की स्थिर ठेवतो? शेपटीच्या बुडाशी पांढरं आहे का? मग बैठक: जमिनीलगत, डोक्याच्या उंचीला की शेंड्यावर? झेप घेऊन त्याच फांदीवर परत येतो की पुढच्या झाडावर जातो? त्यानंतर खालच्या चोचीचा आणि पायांचा रंग. एवढं टिपलं की गळ्या-पोटाच्या रंगाकडे वळा. दोन सेकंदांत सगळं होणार नाही. शेपूट आणि बैठक होते, आणि सोलापूरच्या यादीत तेवढ्यावर निम्मे उमेदवार गळतात.

५. पाठ तपकिरी, शेपूट सारखी वर उचलतो, पण गळा लाल नाही. मग रेड-ब्रेस्टेड कसा म्हणायचा?

नावाने घात केलेला पक्षी आहे हा. लाल-नारिंगी कंठ फक्त प्रौढ नराला असतो. माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातले नर पोटाला मळकट पांढरे-पिवळसर. आपल्याकडे येणाऱ्यांत असे बिनलालच पुष्कळ.

त्यामुळे शेपटीकडे बघा. मधली पिसं काळी, टोकाचा आडवा पट्टा काळा, आणि बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे तुकडे. बसल्या बसल्या शेपूट वर उचलतो आणि पंख खाली सोडतो, उडाला की पांढरं चमकून जातं. एकदा ते पांढरं दिसलं की उरलेले सगळे तपकिरी माशीमार बाद, एक टायगा आणि वाटेत क्वचित उतरणारा काश्मीर सोडून (प्रश्न ७ आणि १७). अल्ट्रामरीनच्या नरालाही शेपटीच्या बुडाशी पांढरं असू शकतं, पण तो निळा असल्यामुळे गोंधळ होत नाही.

पंखावर फिकट ठिपक्यांची बारीक ओळ दिसली तर पक्षी त्याच वर्षी जन्मलेला. आणि आवाज: जुन्या घड्याळाला चावी देताना होते तशी कोरडी किरकिर. ती ओळखीची झाली की रेड-ब्रेस्टेड आधी ऐकू येतो, मग दिसतो.

६. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर तपकिरी पक्षी शेपूट हलवत असतो. तोच ना हा?

बहुतेक नाही. भिंत, दगडांचा ढीग, बांधकामाची सळई अशा उघड्या जागी बसून शेपूट थरथरवणारी तपकिरी बाई म्हणजे थरथऱ्याची मादी, ब्लॅक रेडस्टार्ट. तिची शेपूट गंजलेल्या तांबड्या रंगाची, आणि ती थरथरते, वर उचलली जात नाही. शेपटीत पांढरं औषधालाही नाही. शिवाय ती दर थोड्या वेळाने जमिनीवर उतरते.

तलावाच्या काठी चिखलात शेपटीच्या बुडाशी तांबूस तुकडे दाखवत पळणारा दिसला तर तो नीलकंठी. ठळक भुवई आणि छातीवरची गडद माळ बघितली की शंका उरत नाही.

७. रेड-ब्रेस्टेड आणि टायगा यांच्यातला फरक एकदा नीट सांगा.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तरही म्हणून सगळ्यांत लांब.

पूर्वी हे दोघे एकाच प्रजातीच्या दोन उपजाती मानले जात, म्हणून जुन्या पुस्तकांत टायगा वेगळा सापडत नाही. रेड-ब्रेस्टेड पूर्व युरोपापासून उरल पर्वताच्या आसपासपर्यंत वीण करतो आणि हिवाळ्यात मुख्यतः पश्चिम व दक्षिण भारतात उतरतो. टायगा उरलपासून रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्कापर्यंतचा. त्याचा हिवाळा ईशान्य व पूर्व भारतात आणि त्याच्याही पूर्वेला जातो. मध्य भारतात दोघांची गाठ पडते. म्हणजे सोलापुरात डोळे झाकून रेड-ब्रेस्टेड म्हटलं तरी बहुतेक वेळा बरोबर येईल, पण टायगा अशक्य नाही.

प्रौढ नर सोपे. रेड-ब्रेस्टेडचा नारिंगी रंग गळ्यावरून छातीपर्यंत उतरतो आणि खाली फिकट पोटात विरतो. टायगाचा नारिंगी गळ्यापुरताच, आणि त्याखाली छातीवर राखाडी पट्टा. शिवाय एक हंगामी खूण: रेड-ब्रेस्टेडचा नर हिवाळाभर लाल राहतो, टायगाचा नर पिसं बदलून हिवाळ्यात बहुधा फिका पडतो आणि परतीच्या आधी, वसंताकडे, पुन्हा रंग धरतो. त्यामुळे डिसेंबरात भरघोस लाल गळ्याचा नर दिसला तर पारडं रेड-ब्रेस्टेडकडे झुकतं.

माद्या आणि पिल्लांमध्ये खरी कसोटी. तीन गोष्टी बघा. पहिली, शेपटीच्या मुळावरची, कमरेला लागून असलेली झाकणपिसं. टायगात ती कोळशासारखी काळी, शेपटीएवढी किंवा तिच्याहूनही काळी. रेड-ब्रेस्टेडमध्ये ती तपकिरी ते काळपट, शेपटीपेक्षा गडद नाहीत. यासाठी पक्षी पाठमोरा असताना फोटो हवा, आणि लोक नेमका तोच काढत नाहीत, कारण चेहरा येत नाही! दुसरी, खालची चोच. टायगाची बहुधा पूर्ण काळी, रेड-ब्रेस्टेडची बुडाशी फिकट, मांसल रंगाची. तिसरी, पोटाची छटा. रेड-ब्रेस्टेड उबदार पिवळसर, टायगा थंड राखाडी आणि त्यावर गळा जास्त पांढरा उठून दिसणारा.

पिल्लांमध्ये टायगाच्याही चोचीच्या बुडाशी थोडं फिकट असू शकतं. म्हणून चोच एकटी पुरावा नाही. पोटाची छटा तर सर्वांत बेभरवशाची, कॅमेऱ्याच्या सेटिंगवर बदलते. तिन्ही खुणा एकीकडे झुकल्या तरच टायगा लिहा.

आवाजाने? दोघांची किरकिर एकाच घराण्यातली. टायगाची जास्त जलद आणि कोरडी, सुटे ठोके कानाला लागत नाहीत; रेड-ब्रेस्टेडची थोडी संथ, ठोके मोजता येतील असं वाटायला लावणारी. मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन्ही आवाज शेजारी ठेवून ऐकल्यावर फरक कळतो, आठवणीतून कळत नाही.

८. अ‍ॅपने टायगा सांगितलं, तुम्ही रेड-ब्रेस्टेड म्हणता. कुणाचं धरायचं?

पुराव्याचं. अ‍ॅप तुम्ही दिलेल्या एका फोटोवर बोलतं, आणि तो फोटो समोरून काढलेला असेल तर प्रश्न ७ मधली सर्वांत महत्त्वाची खूण त्यात नाहीच. पाठमोरा फोटो, चोचीचा जवळून फोटो आणि आवाज, यांपैकी दोन तरी असतील तर अ‍ॅपशीही भांडता येतं आणि आमच्याशीही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना 'टायगा किंवा रेड-ब्रेस्टेड' असा जोड-पर्याय मिळतो. तो वापरण्यात काही कमीपणा नाही. खात्री नसलेल्या टायगापेक्षा तो जोड-पर्याय दहा पट कामाचा.

९. निळी पाठ, नारिंगी छाती, पांढरं पोट. टिकेल्स की ब्लू-थ्रोटेड?

गळा बघा. नारिंगी रंग थेट हनुवटीपासून सुरू होत असेल तर टिकेल्सचा नर. गळा निळा आणि नारिंगी त्याखालून सुरू होत असेल तर ब्लू-थ्रोटेडचा नर. फक्त पक्ष्याने मान खाली घातलेली असताना निर्णय देऊ नका, डोक्याची सावली गळ्यावर पडते आणि टिकेल्सचा ब्लू-थ्रोटेड होतो.

माद्यांचं उत्तर पाठीवर आहे. टिकेल्सची मादी नरासारखीच, पण फिकी: पाठ राखाडी-निळी, शेपटीत निळसर झाक. ब्लू-थ्रोटेडच्या मादीत निळ्याचा पत्ता नाही. पाठ तपकिरी, शेपूट तांबूस, गळा आणि छाती फिकट नारिंगी.

जागेचाही कौल घ्या. टिकेल्स आपल्याकडचा घरचा पक्षी. दाट सावली, आडोसा आणि जवळ थोडंसं पाणी मिळालं की बागेतही जोडी ठाण मांडते. नळाच्या गळतीखाली, ठिबकच्या नळीपाशी, कुंडीखालच्या ताटलीत तो आंघोळीला येतो. दुपारी सगळे पक्षी गप्प असताना सावलीतून धातूसारखा खणखणीत, छोटा चढ-उतारांचा सूर आला तर तोच. एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत वीण; बांधाच्या, दरडीच्या किंवा झाडाच्या पोकळीत घरटं. मे महिन्यात जोडी दिसली, तर ब्लू-थ्रोटेडचा विचारही करायची गरज नाही. तो तेव्हा हिमालयात असतो.

१०. अख्खा पक्षी निळा-हिरवा होता, विजेच्या तारेवर बसलेला. कुठला?

वर्डिटर. अंगभर मोरपिशी निळा, नराच्या डोळ्या-चोचीमधला भाग काळा. मादी तशीच पण मळकट, तो काळा भाग राखाडी. बाकीचे माशीमार सावलीत लपतात आणि हा शेंड्यावर, सुकलेल्या फांदीवर, तारेवर उघडा बसतो. त्यामुळे पक्षी न बघणाऱ्या माणसालाही तो दिसतो. "निळ्या रंगाची चिमणी" म्हणून येणारे जानेवारीतले फोन बहुधा याचेच.

सकाळी हिरवट आणि दुपारी निळा दिसला म्हणजे दोन पक्षी नव्हेत. पक्ष्यांचा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे तो उमटतो. प्रकाश बदलला की छटा बदलते, आणि ढगाळ दिवशी वर्डिटर सरळ राखाडी दिसतो. निलगिरी फ्लायकॅचर म्हणून पाठवलेले फोटो आम्ही परत पाठवतो. तो दक्षिणेकडच्या उंच डोंगरांतला, आपल्याकडे उतरत नाही.

११. निळा, पण पोट पांढरं, नारिंगी अजिबात नाही?

दोन शक्यता. अल्ट्रामरीनचा नर: पाठ आणि छातीच्या दोन्ही कडा गडद निळ्या, मधून गळ्यापासून पोटापर्यंत पांढरा पट्टा, कित्येकांना पांढरी भुवई. लहान चणीचा, झाडात मधल्या उंचीवर. दुसरा ब्लॅक-नेप्ड मोनार्क: डोकं आणि छाती पूर्ण निळी, नराच्या मानेमागे काळा ठिपका आणि गळ्याखाली काळी रेघ, शेपूट लांब. छाती निळी की पांढरी, एवढ्यावर निकाल लागतो.

१२. पूर्ण साधा तपकिरी. ना भुवई, ना शेपटीत पांढरं. आता काय?

आता चोच, पाय आणि छाती. रंगावर जाऊ नका, सगळेच मातकट आहेत.

आपल्याकडे हिवाळ्यात असा पक्षी दिसला की आधी एशियन ब्राऊन धरून चाला. मोठा डोळा, त्याभोवती स्वच्छ पांढरं कडं, खालची चोच बुडाशी पिवळट आणि टोकाला काळी, पाय काळे, छाती राखाडी-पांढरी, रेघा नाहीत. एका फांदीवर ताठ बसून राहतो, किडा टिपून बहुतेक वेळा तिथेच परततो. कॅमेऱ्यासाठी इतका सोशिक माशीमार दुसरा नाही.

पाय फिकट मांसल, खालची चोच टोकापर्यंत पिवळी आणि छातीवर तपकिरी पट्टा असेल, तर ब्राऊन-ब्रेस्टेडचा विचार करा. शेपूट आणि कंबर तांबूस, चेहरा अगदी कोरा असेल तर रस्टी-टेल्ड. कपाळावर आणि छातीवर बारीक उभ्या रेघा, चोच काळी, अंगाने थोडा लांबट आणि उघड्या फांदीवर बसलेला असेल, तर स्पॉटेड. तो नावाने ठिपक्यांचा असला तरी प्रत्यक्षात रेघांचा, आणि दिसण्याचा हंगाम प्रश्न २ मध्ये दिलाय.

पाय दिसत नाहीत अशी तक्रार नेहमी येते. पक्षी फांदीवर बसतो तेव्हा पिसं खाली येतात, म्हणून पाय दिसतात ते त्याने बैठक बदलली त्या क्षणी. बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेले पंधरा फोटो टाकून देण्याआधी त्यातला तो एक शोधा.

अल्ट्रामरीनची मादीही राखाडी-तपकिरी असते, छातीच्या कडा तपकिरी आणि मध्ये पांढरं. नर आसपास असेल तर सोपं. एकटी असेल तर आम्हीही फोटोवरून घाईने नाव देत नाही.

१३. पिवळं पोट आणि करडं डोकं. चष्मेवाला नाही, मग?

करड्या डोक्याचा कॅनरी-फ्लायकॅचर. डोकं आणि छाती राखाडी, पोट चकचकीत पिवळं, पाठ हिरवट. जराही स्वस्थ बसत नाही आणि बहुधा इतर छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात असतो. सुभगाशी गल्लत होते, पण सुभगाचा गळा पिवळा आणि पंखांवर पांढरे पट्टे असतात. शहरापेक्षा येडशीसारख्या झाडीत मिळण्याची शक्यता जास्त.

१४. नाचण माशीमार आहे का? आणि स्वर्गीय नर्तकाला शेपूट नसेल तर ती मादीच ना?

नाचण वेगळ्या कुळातला. शेपूट सतत उलगडतो-मिटतो, फांदीवर डावी-उजवीकडे वळत राहतो, त्यामुळे चुकायला जागा नाही. कपाळापासून मानेपर्यंत रुंद पांढरी भुवई असेल तर व्हाईट-ब्राऊड, आणि भुवई आखूड, छातीवर पांढरे ठिपके असतील तर व्हाईट-स्पॉटेड. आपल्या कोरड्या भागात पहिला नेहमीचा.

स्वर्गीय नर्तकाचं उत्तर 'नाही' असं आहे. कोवळे नरही आखूड शेपटीचे आणि तांबूसच असतात. गळा बघा: मादीचा राखाडी, कोवळ्या नराचा काळा आणि डोळ्याभोवती निळं कडं. उलट चूकही होते. तांबड्या अंगाचा आणि लांब शेपटीचा पक्षी "मादी" म्हणून पाठवला जातो. प्रौढ नर तांबडा आणि पांढरा अशा दोन्ही रूपांत असतो.

१५. जुलैत बागेत पूर्ण ठिपकेदार, छोटा माशीमार दिसला. पुस्तकात सापडत नाही.

टिकेल्सचं पिल्लू. घरट्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्लं तपकिरी आणि अंगभर पिवळसर ठिपक्यांची असतात. पंखांत आणि शेपटीत निळी झाक शोधा, ती मिळाली की झालं. आईबाप जवळच असणार. घरटं शोधायला जाऊ नका, फांद्या बाजूला करून फोटो तर नकोच. आडोसा हटला की भारद्वाजाला आणि कावळ्याला तेवढंच पुरतं.

१६. मोबाइलवर पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं की पक्षी पटकन बाहेर येतो. काय हरकत आहे?

टिकेल्स स्वतःची हद्द राखतो. रेकॉर्डिंग ऐकून तो येतो, कारण त्याला घुसखोर आल्यासारखं वाटतं, आणि पिल्लांना चारायचं सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो. विणीच्या काळात हे अजिबात करू नका. वनविहारासारख्या ठिकाणी रविवारी चार जणांनी आळीपाळीने लावलं तर तीच जोडी चार वेळा हैराण होते. त्याऐवजी सावलीत मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून ठेवा, पाणी रोज बदला, आणि लांब बसा. एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हात याहून खात्रीचं आमिष नाही.

१७. गळा खूप गडद लाल आहे आणि त्याला काळी किनार. काश्मीर फ्लायकॅचर लिहू का?

थांबा. काश्मीर फ्लायकॅचर काश्मीर आणि लगतच्या डोंगरांत वीण करतो, हिवाळा दक्षिण सह्याद्रीत आणि श्रीलंकेत काढतो. जाता-येता आपल्यावरून जात असणार, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिलमध्ये शक्यता नाकारता येत नाही. जगात त्याची संख्या थोडी आहे, म्हणूनच त्याची चुकीची नोंद जास्त नुकसान करते.

नर काश्मीरचा लाल रंग विटेसारखा गडद, गळ्यापासून छातीवर खूप खाली उतरणारा, आणि दोन्ही बाजूंनी काळी किनार. अडचण अशी की काही प्रौढ रेड-ब्रेस्टेड नरही बरेच लाल असतात आणि त्यांच्या गळ्याच्या कडेला राखाडी असतं, जे सावलीत काळं दिसतं. म्हणून दोन बाजूंनी काढलेले, उजेडातले फोटो हवेत, ज्यात किनार काळी आहे की राखाडी हे स्पष्ट दिसेल. फोटो एडिट न करता मूळ फाइल ठेवा. कॉन्ट्रास्ट वाढवला की कुठलीही किनार काळी होते. मादी काश्मीर फक्त फोटोवरून सोलापुरात लिहायची असेल, तर आधी आमच्याकडे पाठवा. आणि पक्षी अजून तिथेच असेल तर प्रश्न विचारण्याआधी आवाज रेकॉर्ड करून घ्या.